मेणबत्ती, तार आणि पट्टा : पिशवीचं तोंड बंद करण्याचा इतिहास

आजचा विषय कळल्यावर एका ज्येष्ठ श्रोत्यांनी दारातच विचारलं, "सीलिंग मशीनचा कसला आलाय इतिहास?" प्रश्न रास्त आहे. म्हणून सुरुवात एका चुकीपासून करतो. ती चूक आमचीच होती.

काही वर्षांपूर्वी एका बचत गटाला आम्ही मशीन निवडायला मदत केली. गट भाजणी आणि मेतकूट विकायचा. दुकानदारांच्या आग्रहाखातर साध्या पिशव्या सोडून त्यांनी छापील, आतून चंदेरी पाऊच घेतले होते. आम्ही किंमत पाहिली, लांबी पाहिली आणि बारा इंची हँड सीलर घ्यायला सांगितलं. आषाढात माल परत आला. भाजणीच्या गाठी झाल्या होत्या, कुबट वास येत होता. सीलिंगला बसणाऱ्या मावशींवर ठपका आला की यांचा हात हलका पडतो. त्या काही बोलल्या नाहीत. नुकसान आपल्या हिश्श्यातून वळतं करून घ्या म्हणाल्या. खरा दोष कुणाचा, हे समजायला आम्हाला या छोट्या यंत्राचा इतिहास धुंडाळावा लागला.

पूर्वी आपण तोंड कसं बंद करत होतो? बरणीला दादरा बांधायचा, तुपाच्या डब्याला डाख द्यायचा, टपालाच्या थैलीला लाख लावायची. या सगळ्यांत बंद करणारी वस्तू बाहेरून आणलेली असते. प्लास्टिकने इथेच फरक केला. पिशवी स्वतःच वितळते आणि स्वतःलाच चिकटते. हे एक वाक्य लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

पण पारदर्शक वेष्टनाची सुरुवात न वितळणाऱ्या पदार्थापासून झाली. 1908 च्या सुमारास स्विस रसायनतज्ज्ञ जाक ब्रांडेनबर्गर यांनी सेलोफेन शोधलं. ते दिसायला सुंदर, पण लाकडाच्या लगद्यातून आलेलं. तापवलं तर वितळत नाही, करपतं. शिवाय दमट हवा आत यायची. 1927 मध्ये ड्युपाँ कंपनीत विल्यम हेल चार्च यांनी त्यावर ओल रोखणारा लेप बसवला. पुढे अशा लेपांमध्येच उष्णतेने चिकटण्याचा गुण आणला गेला. म्हणजे वरचा थर रूपासाठी आणि चिकटायला दुसराच थर, ही कल्पना जुनी आहे. आमच्या चंदेरी पाऊचची आजी म्हणा ना!

मग आलं पॉलिथीन. मार्च 1933, इंग्लंडमधलं विनिंग्टन, आयसीआय कंपनीची प्रयोगशाळा. रेजिनाल्ड गिब्सन आणि एरिक फॉसेट प्रचंड दाबाखाली वेगळाच प्रयोग करत होते आणि भांड्याच्या तळाशी मेणासारखा पांढरा पदार्थ उरला. 1939 मध्ये कारखाना सुरू झाला, पण लगेच महायुद्ध पेटलं आणि हा माल रडारच्या केबलींना आवरण म्हणून गेला. पिशव्यांचा जमाना युद्धानंतरचा. साधं पॉलिथीन 110 अंशांच्या आसपास वितळतं, पॉलिप्रॉपिलीन 160 च्या पुढे. दोन्ही पिशव्या हातात सारख्याच वाटतात; मशीनला मात्र फरक कळतो.

आपल्याकडे पिशवी आधी पोचली, मशीन मागाहून. मधल्या काळात आपल्या लोकांनी काय केलं, तर मेणबत्ती पेटवली आणि हॅक्सॉचं पातं घेतलं! पिशवीचं तोंड पात्यावर दुमडायचं, सुतभर कड बाहेर ठेवायची आणि ज्योतीवरून सर्रकन ओढायची. चणे, खडीसाखर, बोरकूट यांच्या लाखो पुड्या अशा बंद झाल्या. यात हसण्यासारखं काही नाही. पातळ पॉलिथीनला ही युक्ती चालते. मात्र कड दोऱ्याइतकी बारीक राहते आणि हात जरा थबकला की भोक पडतं.

टेबलावरचा हँड सीलर, ज्याला इम्पल्स सीलर म्हणतात, त्यात तीन शोध एकत्र आले आहेत. अल्बर्ट मार्श यांची 1906 ची निकेल-क्रोमियमची तार, म्हणजे नायक्रोम. रॉय प्लंकेट यांना 6 एप्रिल 1938 रोजी अपघातानेच सापडलेलं टेफ्लॉन, ज्याच्या पट्टीमुळे वितळलेली पिशवी तारेला चिकटत नाही. आणि तिसरं ते पॉलिथीन. दांडा दाबला की तार क्षणभर तापते, वीज तुटते आणि दाबाखालीच सांधा थंड होतो. म्हणून दिवा विझल्यावर एक-दोन सेकंद दांडा उचलायचा नाही. साध्या पिशवीसाठी यापेक्षा चांगलं आणि स्वस्त यंत्र नाही.

आता चंदेरी पाऊचकडे येऊ. त्यात बाहेर पॉलिएस्टर, मध्ये धातूचा मुलामा, आत पॉलिथीन. बाहेरचा थर 250 अंशांपर्यंत वितळत नाही. उष्णता त्यातून आरपार जाऊन आतला थर वितळला पाहिजे. एका बाजूने क्षणभर तापणारी बारीक तार तिथे कमी पडते. सांधा दिसतो, पण धरत नाही. बाजूच्या घडीपाशी तर दोनाचे चार थर होतात आणि नेमकी तिथेच फट राहते. त्यात तोंडाशी भाजणीचं पीठ उडालेलं. अशा पाऊचला दोन्ही बाजूंनी सतत तापलेल्या रुंद पट्ट्यांचा सीलर लागतो. रोज शेकड्यांनी पाकिटं निघत असतील, तर पट्ट्यावरून पिशवी सरकवणारा बँड सीलर. पायाने दाबायच्या सीलरमध्ये दोन्ही हात पिशवी धरायला मोकळे राहतात, जड पाकिटांना तो बरा.

तेव्हा निवड करताना पहिला प्रश्न किमतीचा नाही; पिशवीचा आतला थर कोणता, हा आहे. दुसरा, आत पीठ, तेल की पाणी. तिसरा, दिवसाला किती नग. विकत घेण्याआधी आपलीच पिशवी, आपलाच माल भरून दुकानात नेऊन सील करून बघा. बंद पाकीट पाण्यात बुडवून दाबा. बुडबुडे आले तर सांधा कच्चा. सांधा ओढून बघा; पिशवी ताणली किंवा फाटली तर उत्तम, सांधा सरळ सुटला तर मशीन, वेळ किंवा दाब यांपैकी काहीतरी चुकतंय.

ही पाण्याची परीक्षा आम्ही गटात सगळ्यांसमोर केली. मावशींनी दहा पाकिटं बंद केली, आम्ही दहा. दोन्हीकडे बुडबुडे आले, आमच्याकडे जरा जास्तच. मग तीच पाकिटं रुंद पट्ट्यांच्या सीलरवर, तोंड कोरड्या फडक्याने पुसून, मावशींनीच बंद केली. पाणी शांत राहिलं. गटाने त्यांचे पैसे परत केले. आम्ही माफी मागितली, तर त्या एवढंच म्हणाल्या, "आधी बुडवून बघायचं ना!"

वस्तूंचा इतिहास आपण त्यासाठीच वाचतो, मंडळी. यंत्राचा दोष माणसाच्या हातावर ढकलला जातो, तेव्हा तो परत जागेवर ठेवता यावा म्हणून. आता प्रश्न विचारा.