रिकामी रांग आणि तिची वेस

अष्टविनायकांची यात्रा रूढीप्रमाणें मोरगांवास सुरू होते. दुसरें स्थान सिद्धटेक आणि तिसरें रायगड जिल्ह्यांतील पाली. पालीस गेलेला भाविक बल्लाळेश्वराच्या आधीं धुंडीविनायकाचें दर्शन घेतो; परंतु आठांच्या गणनेंत धुंडीविनायकास क्रमांक नाहीं. गणनेचा आरंभ कोठें धरावा, या प्रश्नावर संगणकाच्या भाषा घडविणाऱ्या पंडितांत मात्र पुष्कळ वर्षें मतभेद चालला.

हीं आठ नांवें यंत्राच्या स्मृतींत लागोपाठच्या आठ घरांत ठेवलीं, म्हणजे त्या रांगेस 'अॅरे' म्हणतात. १९५७ सालीं आय. बी. एम. कंपनीनें प्रसिद्ध केलेल्या फोर्ट्रान भाषेंत पहिल्या घराचा क्रमांक एक. तेथें पाली तिसरी. १९७२ च्या सुमारास डेनिस रिची यांनीं घडविलेल्या सी भाषेंत क्रमांक म्हणजे पहिल्या घरापासूनचें अंतर. तेथें मोरगांव शून्यावर, पाली दोनवर, आणि शेवटचें रांजणगांव सातवर.

पण रांगेंत एकहि नांव नसेल तर? कंपायलर, म्हणजे माणसाची आज्ञा यंत्राच्या भाषेंत उतरविणारा दुभाष्या, जुन्या फोर्ट्रानमध्यें बहुधा काम करून झाल्यावर मर्यादा तपासी. त्यामुळें यादी रिकामी असली तरी काम एकदां होऊनच जाई. पंगतीस कोणी बसलेलें नसतां वाढप्यानें पहिल्या पानावर भात वाढावा, तसें. अल्गोल ६० मध्यें तपासणी आधीं होत असे. फोर्ट्रान ७७ नें तीच रीत पुढें स्वीकारली.

हॉलंडचे एड्सखर डायक्स्ट्रा यांनीं १९८२ सालीं एका छोट्या टिपणांत याचा उलगडा केला. आरंभ रांगेंत धरावा, शेवट वगळावा. आरंभ शून्य आणि शेवट आठ असल्यास घरें आठ. दोन्ही शून्य असल्यास रांग रिकामी. निराळा नियम लागत नाहीं. उलट दोन्ही टोकें धरलीं, तर रिकाम्या रांगेचा शेवट आरंभाच्याहि मागें, उणें एकावर, जाऊन पडतो. हा युक्तिवाद निरुत्तर करणारा आहे, जरी यात्रेकरू पालीला दुसरें स्थान कधींहि म्हणणार नाहीं.

रिकाम्या रांगेंत पहिलें घरसुद्धां वेशीबाहेरचें असतें. तेव्हां खरा प्रश्न उरतो तो वेशीवरच्या पहाऱ्याचा. इंग्लंडांत टोनी होअर यांनीं इलियट कंपनीच्या यंत्रांकरितां अल्गोलचा कंपायलर केला, त्यांत प्रत्येक क्रमांक दोन्ही मर्यादांशीं ताडून पाहिला जाई. वेग वाढविण्यासाठीं ही तपासणी बंद करण्याची सोय हवी काय, असें पुढें गिऱ्हाइकांना विचारलें असतां सर्वांनीं एकमुखानें नको म्हणून सांगितलें. १९८० च्या ट्यूरिंग व्याख्यानांत होअर यांनीं स्वतःच ही हकीकत सांगितली.

सी भाषेनें पहारा ठेवला नाहीं. सावधगिरी लिहिणारावर सोंपविली. आठ नांवांच्या रांगेंत क्रमांक आठ मागितला, तरी ती भाषा स्वतः होऊन हरकत घेत नाहीं. शेजारच्या घरांत जें असेल तें उचललें जातें. २ नोव्हेंबर १९८८ रोजीं अमेरिकेंत रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्यानें सोडलेला 'किडा' संगणकांच्या जाळ्यांत पसरला, त्याची एक वाट हीच होती. ५१२ अक्षरांच्या जागेंत त्यानें ५३६ अक्षरें पाठविलीं. वरचीं अक्षरें वेस ओलांडून पुढें सांडलीं, आणि काम संपल्यावर यंत्रानें कोठें परतावें हा पत्ताच त्यांनीं बदलून टाकला. लांबी न विचारतां मजकूर आंत घेणारी 'गेट्स' नांवाची जी आज्ञा तेथें वापरली होती, ती सी भाषेच्या प्रमाणग्रंथांतून निघाली २०११ सालीं.