शब्दकोड्याची दोन घराणी

क्रिप्टिक शब्दकोडे सोडवणारा माणूस उत्तर सापडले म्हणून थांबत नाही, तो क्लूला मार्क देतो. बंगळुरातल्या बनशंकरीत सकाळी ‘द हिंदू’ घेणाऱ्यांकडून हे हमखास ऐकायला मिळते : “उत्तर आलं हो, पण क्लू लंगडा आहे.” उत्तर बरोबर, तरी प्रश्न नापास! या सवयीचे कूळ शोधायला निघाले तर एक फाटा लंडनला जातो आणि दुसरा इथून रिक्षाच्या अंतरावर, रेसिडेन्सी रोडला.

आधी थोरली पाती. २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये आर्थर विन या मूळच्या लिव्हरपूलच्या पत्रकाराने हिऱ्याच्या आकाराचे पहिले शब्दकोडे छापले. प्रश्न सरळ होते : अर्थ द्यायचा, शब्द मागायचा. त्यात वाकडेपणा घातला तो इंग्रजांनी. १९२६ पासून लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’मध्ये एडवर्ड पॉविस मॅथर्स कोडी रचू लागला, टोपणनाव ‘टॉर्केमाडा’. स्पेनच्या धर्मन्यायालयाच्या क्रूर प्रमुखाचे हे नाव. वाचकांचा छळ करण्याचा इरादा त्याने असा उघडच सांगून टाकला होता. १९३९ मध्ये तो गेला आणि गादीवर डेरिक मॅकनट हा शाळामास्तर बसला. त्याने ‘झिमेनीझ’ हे नाव घेतले, तेही त्याच धर्मन्यायालयातले. मात्र छळालाही कायदा हवा, असे या मास्तरांचे मत होते. १९६६ मध्ये त्यांनी पुस्तक लिहून तो कायदा बांधून दिला. क्लूमध्ये एकीकडे शब्दाचा नेमका अर्थ, दुसरीकडे त्याच शब्दाची फोड किंवा दुसरा अर्थ, आणि याखेरीज भरतीचे काही नाही.

मराठीत करून बघू. ‘उलटी वाहिलेली नदी गरीब (२)’. नदी उलटी केली की ‘दीन’, आणि दीन म्हणजे गरीब. किंवा ‘सरकारला द्यावा लागणारा हात (२)’. उत्तर ‘कर’, दोन्ही अर्थांनी. शब्द दोन वाटांनी गाठायचा. दोन्ही वाटा एकाच दाराशी आल्या की उत्तर पक्के. उद्याच्या अंकाची वाट बघायला नको. क्लूची पारख करता येते ती यामुळेच, कारण सोडवणाऱ्याच्या हातीही रचणाऱ्याइतकाच पुरावा असतो.

आता धाकटी पाती, बक्षिसाची. स्वातंत्र्याच्या आगेमागे प्रवेश फी भरून खेळायच्या शब्दकोडे स्पर्धांचा आपल्याकडे सुळसुळाट झाला होता. त्यांच्या क्लूचा नमुना असा (हा मी रचलेला) : ‘माणूस याच्यामागे धावतो’. दोन घरे, दुसऱ्यात ‘न’ भरलेला. धन की मन? दोन्ही चालतात, पण बरोबर तेच, जे संयोजकांनी आधी ठरवून ठेवले असेल. शब्दांची जाण असो वा नसो, शेवटी छापा-काटाच.

आर. एम. डी. चमारबागवाला यांची ‘आर.एम.डी.सी. क्रॉसवर्ड्स’ ही यातली गाजलेली स्पर्धा. त्यांच्या कंपनीची कचेरी रेसिडेन्सी रोडवर होती. कोडे ‘स्पोर्टिंग स्टार’ या बंगळुरात छापल्या जाणाऱ्या इंग्रजी साप्ताहिकात यायचे आणि मुंबई राज्यात जोरात खपायचे. मुंबई सरकारने १९४८ मध्ये अशा स्पर्धांवर नियंत्रण आणि कर बसवणारा कायदा केला, पण राज्याबाहेर छापलेल्या पत्रांना त्यातून वगळले होते. १९५२ च्या दुरुस्तीने ती पळवाट बुजली आणि चमारबागवाला कोर्टात गेले. मुंबई उच्च न्यायालयात ते जिंकले, सर्वोच्च न्यायालयात हरले.

९ एप्रिल १९५७ चा तो निकाल सरन्यायाधीश सुधीरंजन दास यांनी लिहिला. ऋग्वेदातल्या जुगाऱ्यापासून महाभारतातल्या द्यूतापर्यंत सगळे दाखले काढून त्यांनी सांगितले की हा जुगार आहे, आणि जुगाराला व्यापाराचे घटनात्मक संरक्षण नाही. मला मोलाचा वाटतो तो त्याच दिवशी न्या. वेंकटराम अय्यर यांनी दिलेला दुसरा निकाल. केंद्राच्या १९५५ च्या कायद्याने बक्षिसांना महिन्याला १,००० रुपयांची आणि प्रवेशिकांना २,००० ची मर्यादा घातली होती. ती कोणत्या स्पर्धांना लागू? जिथे यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून आहे त्यांना नाही, असे न्यायालयाने ठरवले. झिमेनीझचे पुस्तक यायला अजून नऊ वर्षे होती.

कौशल्य की नशीब, ही कसोटी पुढे रमीच्या खटल्यांत वापरली गेली. १४ फेब्रुवारी २०२२ रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने राज्याची पैशाच्या ऑनलाइन खेळांवरची बंदी रद्द केली, तेव्हाही निकालपत्रात चमारबागवाला हजर होतेच. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने मात्र पैशाच्या ऑनलाइन खेळांपुरता हा भेद निकालात काढला.

या दोन्ही घराण्यांपासून लांब, मराठी दैनिकांतली कोडी बहुतांशी सरळ अर्थच विचारतात. एक अडचण चौकटीचीही आहे. आपल्या घरात अक्षर बसते ते काना-मात्रेसकट. आडव्या शब्दातल्या ‘री’ला उभ्यातही ‘री’च लागते. इंग्रजीसारखी सुटी अक्षरे ढवळून नवा शब्द काढणे इथे फार जमत नाही. पण श्लेष आणि संधी-समास ज्या भाषेत आहेत, तिने इतके साधे राहायचे काही कारण नव्हते.

आता हा क्लू बघा : ‘रानापुढे पार्वती, बंगळुरातली वस्ती (५)’. बन अधिक शंकरी. वाचायला बरा, हिशेबही चोख. पण सराईत सोडवणारा नाक मुरडेल, कारण बनशंकरी देवीचे नाव मुळात तसेच घडले आहे. फोड आणि उत्तर एकाच मुळाचे, मग लपवले काय? दहापैकी चार, तेही शेजारधर्म म्हणून.