मोरीतील दुर्गंधीचा शोध : घरगुती सांडपाणी व्यवस्थेच्या इतिहासाचा एक आढावा

प्रस्तावना

नगरांच्या इतिहासात राजवाडे, बाजारपेठा व तटबंदी यांना स्थान मिळते. मोरीचा विचार मात्र क्वचितच होतो. वास्तविक न्हाणीघरातील नळीतून येणारी दुर्गंधी नेमकी कोठून येते, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील डॉक्टर, अभियंते आणि राज्यकर्ते या सर्वांना गंभीर वाटत होता. या शोधामागील रोगविषयक सिद्धांत पुढे चुकीचा ठरला. परंतु त्यातून रूढ झालेली व्यवस्था आजही घरोघरी टिकून आहे. प्रस्तुत लेखात या विसंगतीचा आढावा घेतला आहे.

पाण्याचा अडसर

बेसिनखालील नळीच्या वळणात थोडे पाणी कायम साचून राहते. सांडपाणी त्यातून पुढे वाहून जाते, परंतु गटारातील वायू ते पाणी ओलांडून घरात शिरू शकत नाही. लंडनमधील घड्याळजी अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ मध्ये शौचकूपाच्या रचनेचे पेटंट घेतले, त्यात इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखे असे वळण होते. यालाच ‘ट्रॅप’ म्हणतात.

हा अडसर निकामी होण्याची कारणेही साधीच आहेत. मोरी बरेच दिवस वापरली नाही तर साचलेले पाणी सुकते. जोराने वाहणारा लोंढा वळणातील पाणीही सोबत ओढून नेतो; ते टाळण्यासाठी नळीला हवा पुरविणारी स्वतंत्र नळी जोडावी लागते. कधी सांधाच गळका असतो. अडसर शाबूत असूनही वास येत असेल, तर त्याचा उगम बहुधा वळणाच्या अलीकडे असतो. तेथे साबण, केस व मळ यांचा चिकट थर साचतो आणि त्यातील जीवाणू हायड्रोजन सल्फाइडसारखे वायू निर्माण करतात.

दुर्गंधी म्हणजेच रोग

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कुजणाऱ्या पदार्थांतून निघणारी दूषित हवाच रोग पसरविते, असा समज प्रबळ होता. ब्रिटिश आरोग्यसुधारक एडविन चॅडविक यांच्या सुधारणांचा पायाही हाच होता. डॉ. जॉन स्नो यांनी १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागातील पटकीच्या साथीचा संबंध पाण्याच्या पंपाशी जोडून दाखविला, तरी जुने मत लगेच बदलले नाही. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीची दुर्गंधी संसदेत पोहोचली. चुन्याच्या क्लोराइडात भिजविलेले पडदे लावूनही ती आवरेना. त्याच वर्षी कायदा होऊन जोसेफ बॅझलगेट यांच्या मलवाहिन्यांच्या योजनेला चालना मिळाली. दुर्गंधी घालविण्यासाठी बांधलेल्या या वाहिन्यांनी शहराचे मैले पाणी दूर नेले आणि पटकीचा खरा मार्गही बंद होण्यास मदत झाली.

भिंतीआडचा शोध

शहराची गटारे सुधारल्यावर भीतीने घरात प्रवेश केला. घरातील प्रत्येक नळी आता गटाराशी जोडलेली होती. १८७१ मध्ये युवराज एडवर्ड यांना स्कारबरो येथील एका निवासस्थानी राहून आल्यावर विषमज्वर झाला. ते बचावले, तेथेच पाहुणे असलेले अर्ल ऑफ चेस्टरफील्ड मात्र दगावले. संशय तेथील सांडपाणी व्यवस्थेवर गेला आणि ‘गटारवायू’ हा सुखवस्तू घरांतील चिंतेचा विषय बनला. लीड्सचे शल्यविशारद टी. प्रिजिन टील यांनी १८७८ मध्ये घरगुती नळकामातील दोष चित्रांद्वारे दाखविणारा ग्रंथ प्रसिद्ध केला.

दोष हुडकण्याच्या पद्धतीही याच काळात रूढ झाल्या. छतावरील नळीच्या तोंडातून पेपरमिंटचे तेल व गरम पाणी ओतले जाई आणि घरातील दुसरी व्यक्ती कोठे तो वास येतो हे पाहत फिरे. तेल ओतणाऱ्याने घरात यायचे नाही, असा दंडक होता. कारण त्याच्या कपड्यांचा वास परीक्षा फसवी. दुसऱ्या पद्धतीत नळीत धूर सोडून तो कोठून बाहेर पडतो हे पाहिले जाई. अशा रीतीने एका वासाचा माग दुसऱ्या वासाने काढला जात होता.

मुंबईचा अनुभव

या विचारसरणीची मर्यादा मुंबईत दिसून आली. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेगचे निदान केले. प्लेगचा जंतू १८९४ मध्येच हाँगकाँग येथे ओळखला गेला होता. तरीही मुंबईत गटारे समुद्राचे पाणी व कार्बोलिक आम्ल यांनी धुऊन काढण्यावर मोठा भर देण्यात आला. उंदरांवरील पिसवा प्लेग पसरवितात, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये मांडले. गटार स्वच्छ केले तरी रोग हटला नाही, कारण त्याचा मार्ग वेगळा होता.

कोरडी मोरी

विसाव्या शतकात गटारवायूची भीती मागे पडली. परंतु मार्च २००३ मध्ये हाँगकाँगमधील अमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्सची साथ येऊन ३०० हून अधिक रहिवासी बाधित झाले. तेथील आरोग्य विभागाच्या तपासात असे आढळले की, अनेक घरांत न्हाणीघराची जमीन पाण्याने न धुता पुसून घेतली जात असे. त्यामुळे जमिनीतील ट्रॅप सुकले होते. हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्यांमुळे सामायिक नळीतील दूषित तुषार घरात ओढले गेले असावेत, असा निष्कर्ष काढण्यात आला. त्यानंतर दिलेला सल्ला अगदी साधा होता : आठवड्यातून एकदा प्रत्येक मोरीत सुमारे अर्धा लिटर पाणी ओतावे.

समारोप

दुर्गंधी म्हणजेच रोग, हे समीकरण टिकले नाही. परंतु दुर्गंधी ही अडसर तुटल्याची सूचना असू शकते, हे निरीक्षण टिकले. भारतीय नळकामात न्हाणीघराच्या जमिनीतील या साधनाला ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात; ‘न्हाणी’ हा आपला परिचित शब्द त्यात जपला गेला आहे. बंद घरांत आणि सुटीनंतरच्या वसतिगृहांत मोरीचा वास आल्यास सुगंधी द्रव्य शिंपडून तो झाकला जातो. त्याऐवजी प्रथम तांब्याभर पाणी ओतून पाहावे, इतका व्यवहार्य बोध या इतिहासातून निश्चितच मिळतो.