शांतिनिवासातला स्वयंपाकी

हृषीकेश मुखर्जी यांचा 'बावर्ची' (१९७२) मी पहिल्यांदा पाहिला तो शाळेत असताना, दूरदर्शनवर. त्या वेळी मनात राहिला तो राजेश खन्ना. अलीकडे पुन्हा पाहताना मात्र नजर सारखी कृष्णाकडे वळत राहिली. आईबापांविना काकांच्या घरात वाढलेली ही मुलगी (जया भादुरी) कुणाशीही न भांडता सगळ्यांचे काम उपसत असते. घराचे नाव 'शांतिनिवास', आणि तिथे एकही स्वयंपाकी टिकत नाही.

घरातले भांडण वरवर स्वभावांचे दिसते. मुळात ते कामाच्या वाटणीचे आहे. सकाळचा चहा कोणी करायचा, यावरून दोन जावांचे बिनसते. या जावा आहेत दुर्गा खोटे आणि उषा किरण. 'अयोध्येचा राजा'तली (१९३२) तारामती आणि 'शिकलेली बायको'ची (१९५९) नायिका इथे भांड्याकुंड्यांवरून धुसफुसताना पाहणे हा मराठी प्रेक्षकाचा खास आनंद. सासऱ्याच्या भूमिकेत हरींद्रनाथ चट्टोपाध्याय. प्रत्यक्षात ते या थोरल्या सुनेपेक्षा जेमतेम सात वर्षांनी मोठे!

या घरात रघू येतो. तो रांधतो, भांडी घासतो, शिवाय गाणे, नाच, अभ्यास, सारे शिकवतो. कुठलेच काम हलके नसते, हे तो हसत हसत पटवून देतो. पण तो साधा स्वयंपाकी नाही, हे प्रेक्षकाला पहिल्यापासून जाणवत असते आणि शेवटी तसे उघडही होते. माझी अडचण इथेच सुरू होते. श्रमाला प्रतिष्ठा मिळते खरी, पण ती मिळवून देणारा मुळात सुशिक्षित भद्र पुरुष असावा लागतो. शांतिनिवासातून आधी पळून गेलेल्या खऱ्या नोकरांची बाजू कोण मांडणार?

मूळ बंगाली चित्रपट तपन सिन्हा यांचा, 'गल्प होलेओ सत्यि' (१९६६). गोष्ट असली तरी खरी, असे ते नाव. तिथला नोकर रवी घोष: ठेंगणा, विनोदी, नायकपणाचा लवलेश नसलेला. हिंदीने शीर्षकात व्यवसायाचे नाव घेतले आणि भूमिका मात्र सर्वात लोकप्रिय नायकाला दिली. पुढे डेव्हिड धवन यांच्या 'हीरो नंबर १' मध्ये (१९९७) गोविंदा नोकर होतो तो प्रेयसीच्या घरात शिरकाव करण्यासाठी. बंगालीतला परीकथेतला पाहुणा हिंदीत आधी गुरू झाला आणि मग जावई. नोकर मात्र तो कुठल्याच टप्प्यावर नव्हता.

तरीही 'बावर्ची' मला खोटा वाटत नाही, आणि याचे श्रेय मी जया भादुरीला देते. दागिन्यांच्या पेटीच्या चोरीचे नाटक रघू रचतो ते कृष्णाच्या लग्नाला घरच्यांची संमती मिळावी म्हणून. म्हणजे या घरातले सर्वात मोठे देणे कुणाचे लागते, हे त्याने अचूक ओळखलेले असते. सुरुवातीला श्रेयनामावली वाचून दाखवणारा अमिताभ बच्चनचा आवाज अखेरीस रघूसोबत पुढच्या घराकडे निघून जातो. कॅमेराही त्याच्याच मागे जातो. कृष्णा सासरी गेल्यावर शांतिनिवासातला पहाटेचा चहा कोण ठेवते, हे पाहायला मागे कुणी थांबत नाही.