आरोग्य-चाळणी : कोणाची, कशासाठी आणि त्यानंतर काय?

कोणतेही लक्षण जाणवत नसलेल्या लोकांची साधी, स्वस्त चाचणी घेऊन त्यांच्यातून आजाराची शक्यता असलेल्यांना वेगळे काढणे, याला सार्वजनिक आरोग्यशास्त्रात ‘चाळणी’ किंवा प्रचलित भाषेत ‘स्क्रीनिंग’ म्हणतात. देशात नवजात बालकांपासून वृद्धांपर्यंत अनेक गटांसाठी अशा तपासण्या शासकीय पातळीवर होत असतात. तपासलेल्यांची संख्या हा या मोहिमांचा सर्वाधिक चर्चिला जाणारा आकडा असला, तरी त्यांचे यश संशयित ठरलेल्या व्यक्तीला पुढे निदान आणि उपचार मिळतात की नाही, यावरच ठरते.

चाळणी म्हणजे निदान नव्हे

एखादा आजार हजारात दहा जणांना आहे आणि चाचणी ९० टक्के अचूक आहे, असे समजू. ती दहापैकी नऊ रुग्ण शोधून काढेल. परंतु उरलेल्या ९९० निरोगी व्यक्तींपैकी ९९ जणांनाही संशयित ठरवील. एकूण १०८ संशयितांपैकी खरे रुग्ण केवळ नऊ, म्हणजे बारात एक. म्हणूनच चाळणीत संशयित ठरलेल्या व्यक्तीस रुग्ण न मानता तिची निश्चित निदानासाठी पुन्हा तपासणी करणे अनिवार्य ठरते. उलटपक्षी, चाचणीतून सुटलेला दहावा रुग्ण ‘आपण निरोगी आहोत’ या समजात राहू शकतो.

कोणत्या आजारासाठी चाळणी करावी, याचे निकष विल्सन आणि युंगनर यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९६८ मध्ये मांडले. आजार गंभीर असावा, त्याची लक्षणपूर्व अवस्था ओळखता यावी, चाचणी लोकांना स्वीकारार्ह असावी आणि निदान व उपचारांची सोय उपलब्ध असावी, हे त्यांतील प्रमुख निकष आजही प्रमाण मानले जातात. निकष डावलल्यास काय होते, याचे उदाहरण दक्षिण कोरियात दिसले. तेथे थायरॉइडच्या सोनोग्राफीचा प्रसार झाल्यानंतर २०११ मध्ये थायरॉइड कर्करोगाच्या निदानाचे प्रमाण १९९३ च्या सुमारे पंधरा पट झाले. मृत्यूचे प्रमाण मात्र जवळपास तेवढेच राहिले. अनेकांवर विनाकारण शस्त्रक्रिया झाल्या.

बालके आणि गर्भवती

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. जन्मतः असलेले व्यंग, पोषणातील कमतरता, बालपणीचे आजार आणि विकासातील विलंब या चार गटांतील दोष शोधणे हे त्याचे उद्दिष्ट होय. नवजात बालकांची तपासणी प्रसूतीच्या ठिकाणी व आशा कार्यकर्तीच्या गृहभेटीत होते. फिरती पथके अंगणवाड्यांना वर्षातून दोनदा, तर शासकीय व अनुदानित शाळांना एकदा भेट देतात. संशयित बालकांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. श्रवणदोष किंवा जन्मजात हृदयविकार यांसारख्या दोषांत वेळेला विशेष महत्त्व असते; ऐकू न येणाऱ्या मुलाला उशिरा मदत मिळाली, तर त्याच्या भाषाविकासाची मोलाची वर्षे निसटून जातात.

गर्भवतींची रक्तक्षय, रक्तदाब, मधुमेह, एचआयव्ही आणि सिफिलिस यांसाठी तपासणी केली जाते. येथे एका चाचणीचा लाभ दोन जिवांना होतो. आईच्या एचआयव्ही संसर्गावर वेळीच उपचार झाल्यास बाळाला होणारा संसर्ग बहुतांशी टाळता येतो.

तिशीनंतरची तपासणी

तीस वर्षांवरील सर्व नागरिकांची उच्च रक्तदाब, मधुमेह आणि तोंडाचा, स्तनांचा व गर्भाशयमुखाचा कर्करोग यांसाठी तपासणी करण्याचे शासकीय धोरण आहे. आशा कार्यकर्ती घरोघरी जाऊन वय, तंबाखू, मद्य, कमरेचा घेर, व्यायाम आणि कौटुंबिक पूर्वेतिहास यांची नोंद घेते. पुढील तपासणी आयुष्मान आरोग्य मंदिरात होते. तथापि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी कधीही तपासणी झालेल्या ३० ते ४९ वयाच्या महिलांचे प्रमाण अवघे १.९ टक्के आढळले.

अशी तपासणी जीव वाचवते, याचा भक्कम पुरावा महाराष्ट्रातूनच मिळालेला आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख महिलांवर केलेल्या अभ्यासात, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी ॲसिटिक आम्ल लावून केलेल्या साध्या दृश्य तपासणीमुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील अभ्यासात एचपीव्ही विषाणूच्या एकाच चाचणीने हे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. दोन्ही ठिकाणी चाचणीपाठोपाठ निदान आणि उपचारांची व्यवस्था सज्ज होती, ही बाब या आकड्यांइतकीच महत्त्वाची आहे.

विशेष जोखमीचे गट

काही आजारांत सर्वांना न तपासता जोखीम अधिक असलेल्यांपर्यंत पोहोचणे श्रेयस्कर ठरते. राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियानाचा प्रारंभ १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे झाला. १७ राज्यांतील आदिवासीबहुल भागांत चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी व्यक्तींची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, ही त्याची उद्दिष्टे आहेत. आई व वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहक व्यक्ती सहसा निरोगी असते. तरीही ‘वाहक’ हा शब्द गावात पसरला, तर मुलीचे लग्न अडू शकते. त्यामुळे निकालपत्रासोबत समुपदेशन देणे आणि गोपनीयता पाळणे हा चाळणीचाच भाग मानला पाहिजे.

क्षयरोगाबाबत लक्षणांची केवळ विचारपूस अपुरी ठरते. राष्ट्रीय क्षयरोग प्रादुर्भाव सर्वेक्षणात (२०१९-२१) छातीचा एक्स-रे काढला नसता, तर ४२.६ टक्के रुग्ण सुटले असते. म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या मोहिमेत हाताळण्यास सुटसुटीत एक्स-रे यंत्रांचा वापर करण्यात आला. दगडखाणींतील कामगारांचा सिलिकोसिस बरा होत नाही. तरीही त्याची तपासणी निरर्थक नाही. कामगाराला धुळीपासून दूर करता येते व अर्थसाहाय्याचा मार्ग खुला होतो. राजस्थान सरकारने २०१९ मध्ये यासाठी स्वतंत्र धोरण स्वीकारले.

मनाची तपासणी

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१५-१६) देशातील १०.६ टक्के प्रौढ मानसिक विकाराने ग्रस्त होते आणि बहुतेक विकारांत ७० टक्क्यांहून अधिक रुग्ण उपचारांपासून वंचित होते. मानसिक विकाराची चाळणी रक्तचाचणीने होत नाही. ती प्रश्नावलीने होते. नैराश्यासाठी नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ आणि प्रसूतीनंतरच्या नैराश्यासाठी दहा प्रश्नांची एडिनबरो प्रश्नावली सर्वत्र वापरली जाते. ज्येष्ठांसाठी स्वतंत्र प्रश्नावली आहे, कारण त्यांच्यातील नैराश्य अनेकदा वयाची थकावट समजून दुर्लक्षिले जाते.

पीएचक्यू-९ मध्ये दहा किंवा अधिक गुण मिळाल्यास सविस्तर मूल्यमापन सुचवले जाते. शेवटचा प्रश्न जीव नकोसा वाटण्याविषयी आहे. त्याचे उत्तर होकारार्थी असेल, तर एकूण गुण कितीही कमी असले तरी त्याच दिवशी दखल घेणे आवश्यक असते. असा प्रश्न सासूच्या किंवा पतीच्या देखत विचारला, अथवा विद्यार्थ्याला वर्गात सर्वांसमक्ष सोडवायला दिला, तर खरे उत्तर मिळण्याची आशा नसते. भाषांतराचाही प्रश्न असतो. ‘उदास वाटते का’ या प्रश्नाला नकार देणारी व्यक्ती ‘जिवाला बरे वाटत नाही, झोप लागत नाही’ असे मात्र सहज सांगते.

हक्क आणि जबाबदारी

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार रुग्णाला गोपनीयतेचा हक्क आहे. त्याच वर्षीच्या एचआयव्ही-एड्सविषयक कायद्याने चाचणीपूर्वी संमती बंधनकारक केली आहे. तपासणी कशाची आहे, निकाल कोणाला कळणार आणि पुढे कोठे जायचे, हे तीन प्रश्न विचारण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे. आजार उघड करून उपचार न देणारी तपासणी ही रुग्णावर केवळ चिंतेचे ओझे लादते. म्हणून शिबिराची आखणी करतानाच पुढील रुग्णालय, तेथवर पोहोचण्याची सोय आणि पाठपुरावा करणारी व्यक्ती निश्चित असणे गरजेचे आहे.

मानसिक आरोग्याविषयी मोफत सल्ल्यासाठी केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे.