भूतबंगला : प्रेक्षकांचे वर्तन व सुरक्षितता (वडोदरा)

भूतबंगला म्हणजे जत्रेत, आनंदमेळ्यात किंवा करमणूक उद्यानात तिकीट लावून भीतीचा खेळ दाखवणारी अंधारी वास्तू. काही ठिकाणी प्रेक्षक पायी आत शिरतात, काही ठिकाणी रुळांवरच्या डब्यात बसून. ऑर्टन अँड स्पूनर या इंग्लिश कंपनीने 1915 साली बांधलेले जत्रेतले भूतघर अजून जतन केलेले आहे. डिस्नेलँडचा ‘हाँटेड मॅन्शन’ 9 ऑगस्ट 1969 रोजी सुरू झाला, तर खोपोलीजवळच्या इमॅजिका उद्यानातला ‘सलीमगढ’ हे या प्रकाराचे महाराष्ट्रातले उदाहरण.

वडोदऱ्यात भीतीचे दोन वारसे शेजारीशेजारी नांदतात. गायकवाडांच्या काळापासून दांडिया बाजार, रावपुरा भागात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनी मुंजा, हडळ आणि वेताळाच्या गोष्टी सोबत आणल्या. गुजराती घरांत काळी चौदशीला चौकात वडे ठेवून ककळाट काढण्याची रीत आहे. मेळ्यातला फिरता भूतबंगला या ओळखीच्या भीतीवरच चालतो. बांबू किंवा लोखंडी नळ्यांचा सांगाडा, त्यावर प्लायवूड आणि ताडपत्री, आत काळ्या कापडाचे पडदे लावून केलेली नागमोडी वाट. पाऊल पडले की फळ्या दणदणतात, कोपऱ्यात पंखा गरम हवाच फिरवत राहतो, मागून जनरेटरची घरघर येते. कापड, लाकूड, उघड्या वायरी आणि अरुंद वाट इतक्या जवळ असल्यामुळे या मांडवाकडे बांधकाम म्हणूनच पाहायला हवे. भूत खोटे असले तरी मांडव खरा असतो.

इथला सर्वांत मोठा धोका असा की खरे संकट आणि नाटक सुरुवातीला सारखेच दिसतात. धूर, किंचाळ्या, अचानक काळोख हे सगळे तिकिटातच धरलेले असते. 11 मे 1984 रोजी अमेरिकेत न्यू जर्सीतल्या सिक्स फ्लॅग्ज ग्रेट ॲडव्हेंचर उद्यानातला ‘हाँटेड कॅसल’ जळाला आणि आठ किशोरवयीन मुले मृत्युमुखी पडली. वाट दिसेना म्हणून एका मुलाने लायटर पेटवला होता, त्याची ज्योत भिंतीवरच्या फोमच्या गादीला लागली. आग हा खेळाचाच भाग आहे, असे आतल्या काहींना वाटले. त्याआधी 9 जून 1979 रोजी सिडनीच्या लुना पार्कमधील ‘घोस्ट ट्रेन’ला आग लागून सहा मुले आणि एक प्रौढ दगावले. अशा दुर्घटनांनंतर अमेरिकेतल्या अग्निसुरक्षेच्या नियमांत भूतघरांसाठी वेगळी कलमे आली. धूर टिपला गेला की वाटेवरचे दिवे आपोआप उजळले पाहिजेत आणि भीतीचे आवाज बंद पडले पाहिजेत. खेळ थांबला हे माणसाला तत्काळ कळावे, एवढाच त्यामागचा विचार आहे, आणि तो अतिशय शहाणा आहे.

करमणुकीच्या जागीही सुरक्षेचे नियम पाळावेच लागतात, हा धडा गुजरातने फार मोठी किंमत मोजून घेतला. 18 जानेवारी 2024 रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटली आणि 12 विद्यार्थी व 2 शिक्षिका बुडाल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि सर्वांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. चार महिन्यांनी, 25 मे रोजी, राजकोटच्या टीआरपी गेम झोनला आग लागून 27 जण गेले; त्या जागेला अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला नव्हता. त्यानंतर राज्य शासनाने राइड आणि गेम झोन यांच्यासाठी स्वतंत्र सुरक्षा नियम केले. दोन्ही ठिकाणी लोक मौजेसाठीच गेले होते. म्हणून तिकीट काढण्याआधी परवाना कुठे लावला आहे, बाहेर पडायची दुसरी वाट कोणती, अग्निशामक नळकांडे कुठे आहे हे विचारणे हा प्रेक्षकाचा हक्क आहे. चालक उत्तर टाळत असेल, तर मुलांना घेऊन तिथूनच परतावे.

आत गेल्यावर माचिस, लायटर, सिगारेट यांना पूर्ण मज्जाव. मोबाइलचा टॉर्च किंवा फ्लॅश लावला की मागच्यांचा अनुभव विरतो आणि अंधाराला सरावलेले डोळे दिपून समोरच्याला ठेच लागते. मात्र खेळ थांबून बाहेर पडायची वेळ आली, तर तोच टॉर्च कामाचा. धावू नये. पाचावर धारण बसली की पाय आपोआप पळू पाहतात, पण अरुंद वाटेत एक जण पडला की मागचे त्याच्यावर कोसळतात. ओढणी, साडीचा पदर, घेरदार चणियाचोळी आवरून घ्यावी, कारण खिळे आणि फटी अंधारात दिसत नाहीत.

मुखवट्यामागचा कलावंत हा या खेळातला सर्वांत दुर्लक्षित माणूस. कोंदट जागेत, जाड पोशाखात तो तासन्‌तास उकिडवा बसतो आणि प्रत्येक टोळीसाठी नव्याने उडी मारतो. दचकलेल्या माणसाचा हात उठणे ही प्रतिक्षिप्त क्रिया असली, तरी मित्रांसमोर शौर्य दाखवण्यासाठी त्याला बुक्का मारणे, मुखवटा ओढणे किंवा मुलींच्या वेशातल्या कलावंतांना चिमटे काढणे हा सरळ मारहाणीचा आणि विनयभंगाचा प्रकार आहे. कलावंतानेही परवानगीशिवाय प्रेक्षकाला हात लावू नये. बाहेर आल्यावर रांगेतल्यांना पुढचे धक्के सांगून त्यांची मजा घालवू नये.

हृदयविकार असलेले, गर्भवती स्त्रिया, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले आणि बंद जागेत गुदमरणारे लोक यांनी आत जाणे टाळावे. लुकलुकणाऱ्या प्रकाशामुळे काही अपस्माराच्या रुग्णांना झटका येऊ शकतो. असे दिवे असल्यास प्रवेशद्वारावर ठळक पाटी हवी. लहान मुलांची बाब वेगळी. पाच-सहा वर्षांच्या मुलाला नाटक आणि सत्य यांतली सीमा नेहमीच स्पष्ट दिसत नाही, आणि ‘भित्रा आहेस का?’ म्हणत त्याला आत ढकलणारे काका-मामा त्याच्या अनेक रात्रींची झोप घालवतात. मूल नको म्हणाले की विषय संपला. आत गेल्यावर रडू लागले, तर जवळच्या कर्मचाऱ्याला सांगून मधल्या दाराने बाहेर यावे. चांगल्या भूतबंगल्यात असे दार असते आणि ते कुलूपबंद नसते. कुणाला चक्कर आली किंवा इजा झाली, तर 108 वर रुग्णवाहिका आणि आगीसाठी 101 वर अग्निशमन दल बोलवावे.