मरियम : एका नावाचा इतिहास

शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मरियम, मर्यम, मेरियम, मरियमबी अशी रूपे आढळतात. गोव्यातील चर्चच्या नोंदवहीत तेच नाव मारिया किंवा मेरी असते, तर यहुदी परंपरेत ते मिर्याम होते. ही सर्व एकाच नावाची रूपे आहेत. सुमारे अडीच हजार वर्षांच्या लिखित नोंदी असलेली आणि तीन धर्मांच्या घरांत आजही जिवंत असलेली स्त्रीनामे जगात फार थोडी आहेत. मरियम हे त्यांतील अग्रगण्य नाव होय. त्याच्या टिकून राहण्याचे कारण कोणते, हा प्रश्न विचार करण्यासारखा आहे.

मूळ आणि अर्थ

या नावाची पहिली ज्ञात धारक म्हणजे हजरत मूसा व हजरत हारून यांची बहीण. हिब्रू धर्मग्रंथात तिचे नाव येते. आज प्रचलित असलेला 'मिर्याम' हा उच्चार त्या ग्रंथाच्या स्वरचिन्हांवर आधारलेला असून ती चिन्हे इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकाच्या उत्तरार्धात निश्चित झाली. त्यापूर्वी सुमारे हजार वर्षे झालेल्या ग्रीक भाषांतरात मात्र हे नाव 'मरियम' असेच लिहिलेले आहे. सिरियाक भाषेतही 'मरियम' हेच रूप होते आणि अरबीत तेच रूढ झाले. पहिल्या अक्षरातील 'अ' हा स्वर अधिक जुना असावा, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात.

अर्थाबाबत मात्र एकमत नाही. कोणी त्याचा संबंध 'कडू' या अर्थाच्या हिब्रू शब्दाशी जोडला, कोणी 'बंड' या अर्थाच्या धातूशी, तर कोणी 'प्रिय' या अर्थाच्या प्राचीन मिसरी शब्दाशी. चौथ्या-पाचव्या शतकांतील ख्रिस्ती विद्वान जेरोम यांच्या परंपरेतून 'समुद्राचा तारा' हा अर्थ युरोपभर पसरला. बाराव्या शतकातील भाष्यकार जमख्शरी यांनी 'उपासना करणारी' असा अर्थ दिला. नावांच्या पुस्तिकांत यांपैकी एखादाच अर्थ निर्विवाद म्हणून छापला जातो, ते योग्य नव्हे.

नाव ठेवण्याची रीत

इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपास पॅलेस्टाइनमधील यहुदी स्त्रियांत हे सर्वाधिक प्रचलित नाव होते. उपलब्ध शिलालेख व ग्रंथांतून ज्ञात असलेल्या तेथील स्त्रियांपैकी पाचांत एकीहून अधिक जणींचे हेच नाव आढळते. हेरोद राजाने इ. स. पू. २९ मध्ये ठार केलेली त्याची राणी मरियम्ने हस्मोनी या स्वदेशी राजघराण्यातील होती. त्या घराण्याच्या स्मृतीमुळे हे नाव लोकप्रिय झाले असावे, असे काही अभ्यासकांचे मत आहे. इंजिलात एकाच प्रसंगी अनेक मरिया का भेटतात, याचा उलगडा यातून होतो.

कुरआनात नावानिशी उल्लेख असलेली एकमेव स्त्री म्हणजे हजरत मरियम. एकोणिसावी सूरा त्यांच्या नावाची आहे. तिसऱ्या सूरेत मुलगी जन्मल्यावर तिची आई स्वतः सांगते की, मी हिचे नाव मरियम ठेवले आहे. नामकरण येथे आईने केलेले आहे, हे लक्षणीय आहे.

याच संदर्भात सहीह मुस्लिममधील एक हदीस महत्त्वाची आहे. मुगीरा बिन शोअबा नजरानला गेले असता तेथील ख्रिस्ती लोकांनी त्यांना विचारले की, कुरआनात मरियमला 'हारूनची बहीण' म्हटले आहे, पण मूसा व हारून यांचा काळ तर ईसांच्या कितीतरी आधीचा. मग हे कसे? मुगीरांनी परतल्यावर हा प्रश्न पैगंबर मुहंमद (स.) यांच्यापुढे ठेवला. ते लोक आपल्या मुलांना पूर्वीच्या पैगंबरांची व सज्जनांची नावे देत असत, असे उत्तर मिळाले. या उत्तरात नामकरणाचे एक तत्त्वच सांगितले आहे. नाव पुन्हा पुन्हा ठेवले जाते ते शब्दाच्या अर्थासाठी नव्हे, तर त्या व्यक्तीच्या स्मृतीसाठी.

हिंदुस्थानात

मोगल दरबारात हे नाव सन्मानाची पदवी झाले. अकबराची आई हमीदा बानू बेगम (मृत्यू १६०४) 'मरियम मकानी' म्हणून ओळखली जाई. जहांगीरची आई, आमेरचे राजा भारमल यांची कन्या (मृत्यू १६२३), हिला 'मरियम-उझ्-झमानी' ही पदवी होती. ती समुद्री व्यापारही करीत असे. तिचे 'रहीमी' हे जहाज पोर्तुगीजांनी १६१३ मध्ये पकडले. मारियाच्या नावाने प्रार्थना करणाऱ्यांनी मरियमचे जहाज पकडावे, हा इतिहासातील विलक्षण योग म्हटला पाहिजे.

या पदवीने पुढे गैरसमजही निर्माण केला. मरियम हे केवळ ख्रिस्ती नाव समजून काही लेखकांनी अकबराला ख्रिस्ती पत्नी होती, अशी कथा रचली. फत्तेपूर सिक्रीतील 'मरियमचे घर' तिच्या पुराव्यादाखल दाखवले गेले. एखादे नाव एकाच समाजाच्या मालकीचे मानले की इतिहास कसा बिघडतो, याचे हे उदाहरण आहे.

महाराष्ट्रात याची दुसरी बाजू दिसते. ग्रामदेवता मरीआई आणि मरियम यांच्यात केवळ ध्वनिसाम्य आहे. दोन्हींचा उगम एक मानण्यास आधार नाही.

आजचे आकर्षण

दहाव्या शतकात हलबच्या सैफुद्दौलाच्या दरबारी अॅस्ट्रोलेब तयार करणारी एक स्त्री होती. इब्न नदीमच्या 'फिहरिस्त'मध्ये तिची नोंद केवळ अल्-इजलीची मुलगी अशी आहे. तिचे स्वतःचे नाव तेथे दिलेले नाही. आज मात्र ती सर्वत्र 'मरियम' म्हणून ओळखली जाते. नाव हरवलेल्या विदुषीला हेच नाव दिले गेले, यातून त्याचे वजन कळते. तथापि वर्गात शिकवताना मूळ नोंद सांगणे आवश्यक आहे. खरी नोंद हवी असल्यास तेहरानला १९७७ मध्ये जन्मलेल्या मरियम मिर्झाखानी यांची आहे. २०१४ मध्ये गणितातील फील्ड्स पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले.

इराणात निशिगंधाच्या फुलालाही 'मरियम' म्हणतात. आपल्याकडे गुलछडी म्हणून हारात गुंफले जाणारे ते हेच फूल.

विद्यार्थिनीने आपल्या नावाचा अर्थ विचारला, तर शिक्षकाने एका शब्दात उत्तर देऊ नये. दाखल्यावर नावाचे स्पेलिंग एकच राहील याची काळजी घ्यावी, म्हणजे पुढे प्रमाणपत्रांत तफावत येणार नाही. पण वर्गात त्या नावाची सगळी रूपे सांगावीत. शेजारच्या बाकावरची मारिया आपल्याच नावाची आहे, हे त्या मुलीला कळले पाहिजे.